तालीम बांधून झाली आणि गाव उठलं

पत्रिकेत आजचा विषय 'आहार, परिसर आणि पोट' असा छापला आहे. त्यामुळे काय खावं आणि काय टाळावं याची यादी मिळेल, या अपेक्षेनं काहीजण आले असतील. काहींच्या हातात वहीपेनही दिसतंय. ती यादी आमच्याकडे नाही. आम्ही डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. पुस्तकं वाचावीत आणि त्यांच्यावर बोलावं, एवढंच आमचं काम. तेव्हा पोटाबद्दल जे काही बोलू ते दोन पुस्तकांच्या आधारानं. एक एका राजाचं, आरोग्यावरचं. दुसरी कादंबरी. गंमत अशी की दोन्ही एकाच संस्थानाच्या मातीतून आली, आणि दुसऱ्या पुस्तकात पहिल्या पुस्तकाचा लेखक स्वतः एकदा पाहुणा म्हणून येऊन जातो.

राजा म्हणजे औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. कादंबरी म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ सालची.

आधी जमीन बघून घेऊ. सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे आहेत, पण १९४९ पर्यंत सांगली जिल्हा नावाचं काही नव्हतं. त्या साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. औंध संस्थानाची गावं या दोन्हींत विखुरलेली होती. औंध आज साताऱ्याच्या खटाव तालुक्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल सांगलीत. पावसाचं म्हणाल तर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला, माणदेशात, पाचशे पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणायचं. मधल्या पट्ट्यात कृष्णा. एका मुलखात इतका फरक असला की 'इथल्या माणसाचा पारंपरिक आहार' असं एकवचनी काही बोलताच येत नाही. हे आधी लक्षात ठेवू या, पुढे लागेल.

आता राजेसाहेब. हा माणूस विलक्षण होता यात शंका नाही. चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, औंधच्या टेकडीवर त्यांनी उभं केलेलं संग्रहालय आजही आवर्जून बघावं असं आहे. तरुणपणी त्यांनी सँडोच्या पद्धतीचा व्यायाम वर्षानुवर्षं केला. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून सूर्यनमस्काराकडे वळले, आणि मग तोच त्यांचा ध्यास झाला. त्यावर पुस्तक लिहिलं. इंग्रजीत गेलेलं हे पुस्तक १९३८ साली लंडनहून 'द टेन पॉइंट वे टू हेल्थ' या नावानं निघालं. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले. आज जगभर योगाच्या वर्गात 'सन सॅल्युटेशन' म्हणून जे चालतं, त्याच्या प्रसारात खटाव तालुक्यातल्या या छोट्या गावाचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे हे फारसं कुणाला ठाऊक नसतं, तो भाग वेगळा.

पंतांचा मुद्दा पोटाच्या बाबतीत अगदीच पोकळ होता असं आता कुणी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. बैठं आयुष्य जगणाऱ्या माणसांकडून सहा आठवडे व्यायाम करून घेतला, आहार तोच ठेवला. सडपातळ लोकांच्या आतड्यात ब्युटिरेट नावाचं एक उपयुक्त आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंची ताकद वाढलेली दिसली. व्यायाम थांबवला आणि सहा आठवड्यांत सगळं बरंचसं पूर्वपदावर आलं. म्हणजे हालचालीचा आतड्याशी संबंध आहे. पंत रोज नमस्कार घालायचे आणि दुसऱ्यांनीही रोज घालावेत म्हणायचे, त्यातला 'रोज' हा शब्द शास्त्रालाही मान्य आहे.

आमची तक्रार पुस्तकाच्या सुरावर आहे. हे पुस्तक एकट्या माणसाशी बोलतं. तू उठ, तू नमस्कार घाल, तू नियमित राहा. शरीर तुझं, तेव्हा जबाबदारी तुझी. ज्याला वेळ आहे, अंगण आहे आणि संध्याकाळी ताटात काय येणार याची खात्री आहे, त्याच्यासाठी हा उपदेश चोख आहे. ज्याला यातलं काही नाही तो त्या पुस्तकाच्या पानांत कुठे दिसत नाही. तो दिसतो सतरा वर्षांनी, 'बनगरवाडी'त.

'बनगरवाडी' बऱ्याच जणांनी शाळेत किंवा कॉलेजात वाचली असेल. १९९५ साली अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपटही केला. एक कोवळा मास्तर, राजाराम विठ्ठल सौंदणीकर, धनगरांच्या लहानशा वाडीवर शाळा चालवायला येतो. वाडीला शाळेचं कौतुक नाही. हळूहळू म्हातारा कारभारी त्याच्या बाजूचा होतो, पोरं शाळेत येऊ लागतात. लोक मास्तराकडे आपली गाऱ्हाणी आणतात, पैशाअडक्याची कामं सांगतात. आणि मग मास्तराच्या मनात येतं की वाडीत तालीम हवी.

इथे थांबायला हवं. कादंबरीवर इतकं लिहिलं गेलंय, पण हा साधा प्रश्न आमच्या वाचनात फारसा आला नाही: धनगरांना तालीम कशाला? दिवसभर मेंढरांमागे कोसकोस चालणारी, डोक्यावर ओझी वाहणारी, रात्री उघड्यावर झोपणारी ही माणसं. यांना व्यायाम कमी पडतो असं कुणाला वाटावं? मास्तराला वाटतं, कारण मास्तर संस्थानाच्या शाळेत घडलेला आहे. आरोग्य म्हणजे कमावलेलं शरीर आणि त्यासाठी इमारत, ही कल्पना वरून खाली आलेली आहे. वाडी मात्र ती आपली करून टाकते. लोक अंगमेहनत देतात, एकमेकांशी भांडतात, पुन्हा येतात, आणि तालीम उभी राहते. माडगूळकर यात कुठेही कुणाची टिंगल करत नाहीत. वाडीनं पहिल्यांदा एकत्र येऊन काहीतरी बांधलं याचा आनंद त्या पानांत खराखुरा आहे. आणि तालमीच्या उद्घाटनाला प्रत्यक्ष राजा येतो. नमस्कारांचा पुरस्कर्ता राजा धनगरांच्या वाडीवर आला, सोहळा झाला, राजा परत गेला.

त्यानंतर पाऊस पडत नाही.

पुढची पानं आम्ही कितीदा वाचली असतील, पण दर वेळी हाताला गार लागतं. आधी गवत जातं. मग मेंढरं. मग एकेक घर बाहेर पडतं आणि शेवटी वाडी ओस पडते. तालीम तिथेच राहते. याच कादंबरीत शेकूची बायको आहे. बैलाची जोडी जमत नाही म्हणून ती स्वतः जुवाला खांदा देते. त्या बाईच्या 'जीवनशैली'त कुठली सुधारणा सुचवायची? कमी बसा? जास्त चाला?

माडगूळकर इथे भाष्य करत नाहीत. शासनाला दोष नाही, राजाला दोष नाही, निसर्गावर आकांत नाही. टीकाकारांनी या अलिप्तपणाला कधी संयम म्हटलं, कधी उणीव. आमच्या मते पोटाचा प्रश्न मांडायला हाच सूर बरोबर आहे. कारण लेखक रागावला असता तर वाचक कुणावर तरी बोट ठेवून मोकळा झाला असता. इथे तालीम आणि दुष्काळ एकापाठोपाठ नुसते ठेवलेत. आरोग्याचा मार्ग सांगणारा राजा आणि गाव सोडणारी माणसं एकाच गोष्टीत आहेत, आणि दोघेही प्रामाणिक आहेत.

पंतांवर अन्याय नको म्हणून एक सांगायलाच हवं. या राजानं नुसता उपदेश केला नाही. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्यानं त्यांनी संस्थानाला स्वराज्याची घटना दिली, स्वतःचे अधिकार प्रजेच्या आणि गावांच्या हाती दिले. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहतही त्याच सुमाराची. म्हणजे हातात असलेली सत्ता त्यांनी वापरली आणि वाटूनही टाकली. आज आरोग्यावर व्याख्यानं देणाऱ्यांपैकी किती जण इतके पुढे जातात?

आजच्या व्याख्यानांकडेच वळू. सांगलीच्या विश्रामबागेत काय किंवा साताऱ्याच्या राजपथावर काय, 'गट हेल्थ' हा शब्द आता नवा राहिलेला नाही. प्रोबायोटिकच्या बाटल्या, तंतुमय पावडरी, सकाळी उठल्याउठल्या कोमट पाण्यातून घ्यायची हळद (हळदीची एवढी मोठी बाजारपेठ गावात असताना डबीवर बाहेरचा पत्ता), उपासाची वेळापत्रकं. यातलं शास्त्र खोटं आहे असं आमचं म्हणणं नाही. मूळ गोष्ट थोडक्यात अशी. धान्य, कडधान्य, भाजी यांतला तंतूंचा भाग आपल्या लहान आतड्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यात जातो. तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून काही आम्लं तयार होतात, त्यातलंच ते ब्युटिरेट. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं ते मुख्य इंधन. जिवाणूंना तंतू मिळाले नाहीत तर ते आतड्याच्या संरक्षक चिकट थरावरच ताव मारतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. तो थर पातळ झाला की आतले त्रास शरीरभर पसरायला वाट मिळते. साखर, चरबी, सूज, प्रतिकारशक्ती, सगळ्यांचे धागे इथे येऊन मिळतात.

हे बदल किती झटकन होतात याचा एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. पिट्सबर्गमधले वीस कृष्णवर्णीय अमेरिकन आणि ग्रामीण दक्षिण आफ्रिकेतले वीस लोक यांची ताटं दोन आठवडे अदलाबदल केली. अमेरिकनांना भरपूर तंतू आणि कमी चरबी, आफ्रिकनांना उलट. दोनच आठवड्यांत अमेरिकनांच्या आतड्याची सूज उतरली आणि आफ्रिकनांची वाढली. आम्हाला यातली गोम अशी दिसते की प्रयोगातल्या कुणीही इच्छाशक्तीनं आहार बदलला नव्हता. ताट दुसऱ्यानं वाढलं होतं. जे वाढलं ते त्यांनी खाल्लं.

मग आपल्या दोन जिल्ह्यांचं ताट कोण वाढतं? हा आजचा खरा प्रश्न.

याचं एक तयार उत्तर सगळ्यांकडे असतं: पूर्वी आजी वाढायची, तेव्हा सगळं चांगलं होतं. भाकरी खायचो, ठणठणीत होतो. हल्ली चपाती आली आणि पोटं बिघडली. या उत्तराला दोन बाजूंनी तपासून बघू.

पहिली बाजू आकड्यांची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची कोष्टकं प्रसिद्ध केली. त्यात शंभर ग्रॅम ज्वारीत एकूण तंतू सुमारे १०.२ ग्रॅम आहेत, बाजरीत ११.५ आणि गव्हाच्या आट्यात ११.४. परत सांगतो, आट्यात ११.४. म्हणजे कोंडा न काढलेल्या पिठाची चपाती तंतूंच्या हिशेबात भाकरीपेक्षा कमी नाही. कमी आहेत ते मैदा आणि पांढरा तांदूळ, दोन्ही २.८ च्या आसपास. तेव्हा भाकरी विरुद्ध चपाती ही लढाई व्यासपीठावर शोभते, कोष्टकात टिकत नाही.

मग गेलं काय? गेलं ते भाकरीच्या शेजारचं. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, कारळ्याची चटणी, जवस, आणि रानातून फुकट येणाऱ्या भाज्या: तांदुळजा, पाथरी, घोळ. शाळवाच्या रानात हरभरा, करडई असायची, बांधावर काहीबाही उगवायचं. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, तिचे निष्कर्ष २०१८ साली आले, असं दिसलं की आठवड्याला तीसहून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यात दहापेक्षा कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा जिवाणूंची विविधता जास्त असते. तीस ऐकून दडपायला होतं. पण मसाल्याचा डबा, चटण्या आणि बांधावरचा पाला मोजला तर जुन्या रानातल्या बाईला तीस अवघड नव्हते. आता उसाच्या रानात एकच पीक असतं, आणि जे तण उगवतं त्यावर तणनाशक पडतं. पाथरी म्हणजे काय, हे नव्या सुनेला सासूनं दाखवायचं म्हटलं तरी दाखवायला बांध शिल्लक हवा.

ताकाचंही असंच. स्टॅनफर्डमध्ये २०२१ साली छत्तीस जणांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला. आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातली विविधता वाढली, सूज दाखवणारी रसायनं कमी झाली. नुसते तंतू वाढवलेल्या गटात मात्र विविधता सरसकट वाढली नाही. आपल्याकडे लगेच 'बघा, आमचं ताक, आमची आंबील' असं सुरू झालं. आंबील आहेच, यल्लमाच्या नैवेद्याला आंबील-घुगऱ्या अजूनही होतात. पण वर्षात एकदा. आणि ताक घराघरातून का गेलं? बायका आळशी झाल्या म्हणून? सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला जायला लागलं म्हणून. दुधाचा पैसा दर दहा दिवसांनी येतो, त्यावर दुकानाची उधारी आणि पोरांच्या फिया भागतात. विरजण लावायला घरात दूधच उरत नाही. घर वाचवायला ताक सोडलं, असा हा सौदा आहे. तो चुकीचा होता असं आम्ही तरी म्हणणार नाही.

दुसरी बाजू आठवणीची. 'आजीचं ताट' म्हणताना कुणाच्या आजीचं, हे विचारलंच पाहिजे. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' १९५९ सालची. त्यातल्या माणसांना धान्यासाठी जीव धोक्यात घालावा लागतो. भूक हाच त्या कादंबरीचा पाया आहे. तिथे कुठला तंतुमय आहार? उपाशी आतड्याचं आरोग्य काय मोजायचं? आणि फार मागे जायला नको, १९७२ चा दुष्काळ आठवणारे इथे चारसहा जण तरी असतील. खडी फोडायला जायचं, सुकडी खायची, आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी. त्या भाकरीबद्दल प्रेमानं बोलणारा माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे. आजही ऊसतोडीला मराठवाड्यातून येणारी कुटुंबं आपल्याच कारखान्यांच्या फडात भाकरी आणि चटणीवर राबतात. 'पारंपरिक आहार' आणि दिवसभराची मेहनत दोन्ही त्यांच्याकडे आहेत. त्यांना कुणी निरोगी जीवनशैलीचा नमुना म्हणून व्यासपीठावर बोलावत नाही.

आता नदीकाठ बघू, कारण माणदेशाचं दुःख सांगितलं की कृष्णाकाठचा माणूस सुटकेचा श्वास टाकतो. ज्वारीला साधारण साडेचारशे मिलिमीटर पाणी पुरतं, उसाला दीड ते अडीच हजार. पाणी आलं, कारखाने आले, पैसा आला. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांनी पाणी पूर्वेला चढवलं, आटपाडीतही डाळिंबं आली, ऊस आला. 'बनगरवाडी' वाचलेल्या माणसानं या पाण्याबद्दल नाक मुरडू नये. वाडी आता उठत नाही, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच पाण्यानं वाळवा-मिरजेकडे जमिनी क्षारपड झाल्या, आणि ज्या पिढीचं अंग तुटवड्यात घडलं तिच्यासमोर अचानक साखर, तेल आणि मोटारसायकल आली.

हे अचानक येणं शरीराला कसं बाधतं, हे समजून घ्यायला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम वाचावं. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. ही बाळं वजनानं कमी, पण अंगात चरबीचं प्रमाण मात्र तुलनेनं जास्त. 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली त्यांचा एक फोटो छापून आला. शेजारी इंग्लंडचे डॉ. युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. डॉक्टरनं स्वतःच्याच शरीराचा पुरावा मांडावा, हे आम्हाला फार आवडतं. तर मुद्दा असा की मधुमेहाची काही बीजं माणूस पहिला घास खाण्याआधीच, आईच्या पोटात पडतात. आई काय खाते, तिला बी-१२ मिळतं का, ती शेतात किती राबते. चाळिशीतल्या माणसाला 'तुम्ही स्वतःवर ताबा ठेवला नाही' असं सुनावताना ही गोष्ट कुणी मोजत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. पुढच्या पिढीच्या पोटाची सुरुवात तिथे आहे.

परिसर हा शब्द पत्रिकेत आहे म्हणून पाण्याबद्दल दोन शब्द. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पूर ओसरल्यावर विहिरीत, आडात, टाकीत काय उरतं हे ग्रामपंचायतीच्या शिपायाला विचारा. टीसीएल पावडरचं पोतं घेऊन तोच फिरतो. घाण पाण्यात आणि उघड्यावरच्या विष्ठेत वाढणाऱ्या पोरांच्या आतड्याला कायमची मंद सूज राहते, खाल्लेलं अंगी लागत नाही, हे जगभर दिसलेलं आहे. ताट कितीही उत्तम असो. म्हणून आम्हाला वाटतं, या दोन जिल्ह्यांनी पोटाच्या आरोग्याला दिलेली मोठी देणगी कुठल्याही आहारपद्धतीची नाही. ती तासगावच्या अंजनी गावच्या आर. आर. आबांची आहे. ग्रामविकास मंत्री असताना २००० साली त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. संडास, गटार, शोषखड्डा, पिण्याचं पाणी. त्यात बक्षिसांचा सोस होता, तपासणीच्या आदल्या रात्री रंगरंगोटी व्हायची, हे खरं. तरी त्या अभियानानं 'तू सुधार' म्हणण्याऐवजी 'गावानं मिळून करू' म्हटलं. बनगरवाडीनं तालीम बांधताना जे एकत्र येणं अनुभवलं, ते इथे गटार बांधायला कामी आलं.

'मग माणसानं स्वतः काहीच करायचं नाही का?' असं कुणीतरी विचारणारच. करावं की. पिठाचा कोंडा चाळून टाकू नये, हुलगा परत आणावा, ताक परवडत असेल तर प्यावं, चालावं. नमस्कार घालत असाल तर घाला, पंतांचा आत्मा सुखावेल. पण हे सांगायला व्याख्यान लागत नाही, आणि एवढंच सांगून थांबणारं व्याख्यान आमच्या मते अर्धंच आहे.

राहिलेलं अर्धं कुठे आहे, तेवढं सांगून थांबतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असा दर लिहिला होता. २०२३ पासून हे धान्य फुकट मिळतं. माणशी महिन्याला पाच किलो. भरड धान्याचा उल्लेख कायद्यात आहे, तरी माण, जत, आटपाडीच्या रेशन दुकानात, जिथे शाळू पिकतो तिथेच, बहुतेक महिने येतात ते गहू आणि पांढरा तांदूळ. तो तांदूळ २.८ वाला, मघाशी कोष्टकात पाहिलेला. शाळेतली खिचडीही त्याच तांदळाची. आणि शाळू पिकवणारा मात्र मजूर मिळत नाही, उपटायला हात लागतात, भावाची शाश्वती नाही म्हणून दरसाल रान थोडं थोडं कमी करत चाललाय; काही जण तर फक्त कडब्यासाठी पेरतात. पुढच्या महिन्यात जिल्हा परिषदेच्या लोकांशी याच सभागृहात चर्चा ठेवली आहे. रेशनवर ज्वारी येण्यात नेमकं काय अडतं, खरेदी, साठवण की कीड, हे त्यांना विचारायचं आहे. ज्यांच्या घरात शाळवाचं रान आहे त्यांनी तेव्हा जरूर यावं.

पाणी प्यायला दहा मिनिटं घेऊ आणि मग प्रश्न. पहिल्या रांगेतल्या काकांनी केव्हाचा हात वर केलाय, त्यांच्यापासून सुरू करू.